मिसिंग मारणारी वारशाची पद्मिनी: कोल्हापूरचं गॅरेज की गावचा मिस्त्री?

वडिलांच्या मागे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार वाट्याला आली, सुरू होते पण मिसिंग मारते, म्हणजे इंजिन मधूनमधून ठोका चुकवून अडखळतं, आणि घर रत्नागिरी-राजापूरच्या किनारपट्टीत आहे. अशा वेळी दोन वाटा दिसतात. गाडी ट्रॉलीवर घालून आंबा घाट चढवायची आणि कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजला दाखवायची, नाहीतर आसपासचा एखादा जुना मिस्त्री दारात बोलवायचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

कोल्हापूरची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. तिथल्या उद्यमनगरात इंजिनाचं बोअरिंग, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. चारही सिलिंडरना गेज लावून कॉम्प्रेशन बघतात, अंदाजावर बोलत नाहीत. गाडी निळा धूर सोडत असेल, ऑइल खात असेल किंवा आतून ठोके येत असतील, तर सरळ तिकडे न्या. आमच्याकडे त्या कामाची मशीनच नाहीत.

पण मिसिंग कुठून येतंय हे शोधणं निराळं काम. आमची गाडी फक्त सकाळी अडायची, तीही पावसाळ्यात किंवा दव पडलेलं असताना. इंजिन तापलं की तासाभरात शहाणी. ट्रॉलीवरून घाट चढून कोल्हापूरच्या कोरड्या हवेत उतरवली, तर पहिल्या सेल्फला सुरू! त्या गॅरेजने (नाव घेत नाही) दोन आठवडे ठेवून घेतली, कार्बोरेटर खोलला, किट बदललं, बिल लावलं. घरी आणली आणि पहिल्याच दमट सकाळी पुन्हा तेच. त्यांनी काम मन लावून केलं असेलही. पण जो बिघाड त्यांच्या दारात दिसलाच नाही, तो त्यांना सापडणार कसा? माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

आमच्याकडचे मिस्त्रीकाका उमेदीत मुंबईत पद्मिनी टॅक्सींवर काम करायचे, त्यामुळे या इंजिनाच्या खोडी त्यांना तोंडपाठ. त्यांनी उजाडायच्या आधी गाडी सुरू करायला लावली, पडवीतला दिवा घालवला आणि बॉनेट उघडलं. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरून बारीक निळी ठिणगी सरपटत होती. कॅप काढली तर आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. केसाएवढी चीर, तिच्यात खारी ओल, आणि करंट प्लगकडे जायच्याऐवजी तिथूनच पळत होता. कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी बदलल्या. इंजिनाची अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडली होती, तीही घासून घट्ट केली.

टाकीतलं तळाचं पेट्रोल त्यांनी काचेच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. थोड्या वेळाने खाली वेगळा थर दिसला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला किनाऱ्यावर हे सोसत नाही. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा जुना रबरी पडदा (डायफ्राम)ही त्यात कुजतो. म्हणून वारशाच्या गाडीत करंट आणि पेट्रोल, दोन्ही बघून घ्यावं. एकाचा दोष सापडला की दुसरा निर्दोष ठरत नाही.

मिस्त्रींची अडचण एकच, वेळ त्यांच्या मर्जीने मिळतो. गणपतीत तर नावच नको. पार्टसाठी दोन्हीकडे वाट बघावी लागते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये थांबली, तेव्हापासून बाजारात चांगला माल शोधावाच लागतो.

तुमची गाडी कोरड्या दुपारीही मिसिंग मारत असेल, तर माझा अनुभव कदाचित लागू पडणार नाही. पण बिघाड हवेबरोबर येत-जात असेल तर ट्रॉलीचं भाडं वाचवा आणि आधी मिस्त्री गाठा. मात्र ते पोचायच्या आधी गाडी सुरू करून तापवू नका, बॉनेटखाली फडकंही मारू नका. रात्रभर उभी होती तशी थंड आणि ओलसरच त्यांच्या हाती द्या.