मोतमाऊलीच्या जत्रेतला मेणाच्या वस्तूंचा स्टॉल: पाचपैकी चार

वांद्र्याला मोतमाऊलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत नवसाची मेणाची वस्तू (घर, पाय, बाळ, जे मागाल ते) वाहायची असेल, तर टेकडी चढताना पहिल्याच स्टॉलवर घेऊन मोकळे होऊ नका. वर चर्चच्या जवळ निळ्या ताडपत्रीखाली एक काका बसतात. पाटीबिटी काही नाही. हा रिव्ह्यू त्यांचा.

आमचं काम जरा अडचणीचं होतं. दिराच्या फ्लॅटची चावी मिळाली की मावलीला मेणाचं घर वाहीन, असं सासूबाई बोलून बसल्या होत्या. बिल्डरने ‘दिवाळीत देतो’, ‘पावसाळा संपू दे’ करत सगळ्यांचा जीव खाल्ला आणि एकदाची चावी दिली. तोवर सासूबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून वसईहून मी निघाले. पण घर त्यांना ‘बिल्डिंगवालं’च हवं होतं आणि प्रत्येक स्टॉलवर तीच एका साच्यातली कौलारू घरं.

काकांनी आधी विचारलं, “मागायचंय का फेडायचंय?” फेडायचंय म्हटल्यावर हातातलं कौलारू घर त्यांनी परत खाली ठेवलं. “मग जे बोललात तेच न्या ताई. गुरुवारी या, मजल्यांचं आणून ठेवतो.” ॲडव्हान्स नाही, नाव-नंबर नाही. मी मनात म्हटलं, झालं, हा दुसरा बिल्डर.

गुरुवारी बिल्डिंग तयार! खिडक्या कोरलेल्या, एका अंगाला गॅलरी, साच्याच्या जोडाची रेघ सुरीने तासून गुळगुळीत केलेली. दर कौलारू घराचाच. शेजारची फुलवाली म्हणाली, सकाळी एक बाई जास्त पैसे देत होत्या, पण ‘ही बोललेली आहे’ म्हणून काकांनी दिली नाही.

खरं तर सासूबाईंना मी सोपी वाट सुचवली होती. चर्चच्या कायद्यात नवस म्हणजे देवाला समजून-उमजून, कुणाच्या दबावाशिवाय दिलेला शब्द. तो पाळायचाच असतो, पण रास्त कारण असेल तर पॅरिशचे फादर त्यातून मोकळं करू शकतात. आपला आपणही तो तेवढ्याच किंवा जास्त चांगल्या कामात बदलू शकतो. म्हणजे तेवढे पैसे एखाद्या गरजूच्या घरभाड्याला दिले असते तरी चाललं असतं. पण सासूबाईंनी मला बायबलमधली हन्ना ऐकवली. तिने नवस बोलून देवाकडे मूल मागितलं, मिळालं आणि दूध तुटल्यावर शमुवेलाला शिलोला नेऊन देवाच्या हवाली केलं. “तिने पोर दिलं, मला मेण जड झालं होय?”

यावर काय बोलणार? एक मात्र मला ठामपणे वाटतं. चावी मेणाच्या बदल्यात मिळालेली नाही आणि सासूबाईही तसं धरून चालत नाहीत. बायबलमधले अब्राहाम आणि सारा देवाने कबूल केलेल्या मुलाची, इसहाकाची वाट बघून कंटाळले, मध्येच दासी हागारेकडून मूल मिळवायची पळवाट काढून बसले, तरी देवाने इसहाकाचा शब्द फिरवला नाही. त्याचं पाळणं आपल्या फेडण्यावर टांगलेलं नसतं. जत्रेत ‘एवढं दे, मग एवढं वाहीन’ असा घासाघीस केल्यासारखा सूर कानावर येतो, तो मला खटकतो.

आता एक स्टार का कापला ते. मेणबत्त्या सुमार आहेत, वात बारीक, वारा आला की विझते. मेणाच्या पायांमध्ये डावा-उजवा फरक नाही. मेणाचा लॅपटॉप तर शाळेतली पाटी वाटतो. बाळं मात्र सुरेख, गालाला खळीसुद्धा.

८ सप्टेंबरला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. खास ऑर्डर असेल तर सुरुवातीलाच सांगून ठेवा आणि न्यायला मधल्या वारी जा, रविवारी काकांना मान वर करायला फुरसत नसते. वांद्रे स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस सुटतात. आणि छत्री न्या, पावसासाठी नव्हे, मेणासाठी. रांगेत ऊन लागून आमच्या बिल्डिंगचा वरचा मजला चांगलाच कलला होता. तो दोष काकांचा नाही, त्याचे मार्क कापलेले नाहीत.