दहा टनी ट्रॉलीचा स्प्रिंग ब्रेक : आठ महिन्यांनंतर

नाशिकच्या अंबडला आमच्या शेडमधून पेंट शॉपकडे टाक्या नेणारी रुळावरची ट्रॉली आहे, दहा टनी. शेडबाहेर रूळ गेटकडे किंचित उतरतात. नुसत्या डोळ्याला कळणार नाही, पण वर सात टनांची टाकी असली की तेवढा उतार पुरतो. जुना थ्रस्टर ब्रेक, म्हणजे तेलाच्या दाबाने सुटणारा, तेल गाळायचा, त्यामुळे सगळी भिस्त चाकाखालच्या लाकडी गुटक्यावर. गेल्या जूनमध्ये ऐन पावसात लाइट गेली, ब्रेक अर्धवटच बसला आणि ट्रॉली सात-आठ फूट घसरली. गुटका घेऊन धावणारा पोरगा मालकांनी स्वतः पाहिला, म्हणून नव्या ब्रेकच्या खरेदीवर सही झाली. नाहीतर अजून दोन वर्षं कोटेशनच फिरत राहिलं असतं.

आता मोटरच्या मागच्या टोकाला डिस्कचा स्प्रिंग ब्रेक आहे. याचं काम उलटं. करंट दिला की कॉइल प्लेट ओढून धरते आणि ब्रेक सुटतो. करंट गेला की स्प्रिंगा प्लेटला डिस्कवर दाबतात, खट्. आमच्या शेजारचे काका नाशिकरोडच्या ट्रॅक्शन वर्कशॉपमधून रिटायर झालेत. बघून म्हणाले, "मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाचा पार्किंग ब्रेक असाच, फक्त तिथे स्प्रिंग हवेनं सोडवतात." कसारा घाटातल्या १:३७ च्या चढाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला आमचा उतार दाखवताना मलाच लाज वाटली.

पहिले पंधरा दिवस मात्र डोकं फिरलं. बटण सोडल्यावर ट्रॉली तीन-चार फूट पुढे जाऊनच थांबायची. विक्रेता फोनवर म्हणे, "साहेब, मोठा साइज घ्या." शेवटी मीच टर्मिनल बॉक्स उघडला. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला २३० व्होल्ट एसी, कॉइलवर १०३ डीसी, सगळं बरोबर. पण विक्रेत्याच्या माणसाने करंट तोडायचं स्विचिंग फक्त एसी बाजूला दिलं होतं. मग कॉइलमधला करंट रेक्टिफायरमधूनच फिरत राहतो, हळूहळू मरतो आणि ब्रेक उशिरा बसतो. डीसी बाजूची जोडपट्टी (लिंक) काढून तिथे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, म्हणजे कॉन्टॅक्टरचा, एक मोकळा कॉन्टॅक्ट घेतला, डीसी बाजू तोडली. पाऊण तासाचं काम. आता फूटभरात उभी राहते. इतकी झटक्यात, की टाकीला चेन बांधल्याशिवाय मी हलवू देत नाही. मोठ्या साइजचे पैसे वाचले ते वेगळेच.

ब्रेक बसलेला असताना कॉइल आणि प्लेट यांच्यातला गॅप ०.३ मिमी. महिन्यातून एकदा फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घालून तिन्ही बोल्टांपाशी बघतो. डिस्कवरचा घासणारा थर, लायनर, झिजला की गॅप वाढतो, कॉइलला प्लेट ओढवत नाही आणि ब्रेक घासत चालतो. करपल्याचा वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. पावसाळ्यासाठी लागणारी रबरी रिंग पेटीत नव्हती, वेगळी मागवावी लागली. उघड्यावर चालणाऱ्या ट्रॉलीला ती कोण ऐच्छिक ठेवतं? रेटिंगमधला एक स्टार तिथेच कापला.

हाताने ब्रेक सोडायचा लिव्हर छान दिलाय, सोडला की आपोआप मागे येतो. लाइट नसताना ट्रॉली ढकलून आत घेता येते. दिवाळीनंतर एकदा बघतो तर तो लिव्हर बाइंडिंग वायरने ओढून बांधलेला, म्हणजे ब्रेक कायम सुटलेलाच. पोरं म्हणे, "सारखं धरून हात दुखतो, भाऊ." तेव्हापासून लिव्हर काढून माझ्या कपाटात, कुलपात आहे.