प्रेक्षकांत जागा होती, मंचावर नव्हती: एका फॅन कन्व्हेन्शनचे दोन दिवस

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते शेवटी सांगते. आधी कौतुक, कारण ते खरोखर केलंच पाहिजे.

मी व्हीलचेअर वापरते आणि कॉस्प्ले करते, म्हणजे आवडत्या पात्रांचे पोशाख स्वतः बनवून घालते. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की समोरच्याचा चेहरा आधी हळवा होतो, मग गोंधळतो. या वेळी मी खुर्चीचंच अंतराळयान केलं होतं. ईव्हीए फोमचे, म्हणजे हलक्या स्पंजासारख्या शीटचे पंख, मागे दोन नळकांडी, आत एलईडीच्या माळा. सात आठवडे घरभर हीट गन आणि कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हचा वास. खुर्ची 26 इंच रुंद, पंखांसकट 41. पंख वेल्क्रोवर बसवलेले; दार आलं की काढायचे, पलीकडे गेलं की लावायचे. सोबत माझी मैत्रीण, जिला दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत, आणि बारा वर्षांचा भाचा. तो ऑटिस्टिक आहे आणि आवडत्या मालिकेतल्या एकूण एक यानाचा क्रमांक त्याला तोंडपाठ आहे. आम्ही तिघं एखाद्या ठिकाणी दोन दिवस फिरलो की तिथलं काही झाकून राहत नाही.

नोंदणीच्या अर्जात ‘तुम्हाला काय लागेल?’ असा मोकळा रकाना होता. मी तीन ओळी लिहिल्या आणि चार दिवसांत उत्तर आलं, तेही कुणीतरी खरंच वाचून लिहिलेलं. दारात प्रमाणपत्र मागितलं नाही, ‘नक्की काय झालंय तुम्हाला?’ असंही विचारलं नाही. गळ्यात अडकवायचं कार्ड हातात दिलं, विषय संपला. स्वाक्षऱ्यांच्या रांगेत ते कार्ड दाखवलं की टोकन मिळायचं आणि नंबर येईपर्यंत कुठेही बसता यायचं. याचा फायदा फक्त मला झाला असं नाही. माझ्या पुढचं टोकन धडधाकट दिसणाऱ्या एका मुलीकडे होतं. तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहिलं की चक्कर येते म्हणे. कार्ड नसतं तर रांगेतल्या प्रत्येकाला हे समजावत बसली असती बिचारी.

मोठ्या सभागृहात जमिनीवर निळ्या चिकटपट्टीचे चौकोन आखले होते. अमेरिकेतल्या विस्कॉन या विज्ञानकथा संमेलनात ही पद्धत जुनी आहे. चौकोनात खुर्च्या मांडायच्या नाहीत, ती जागा चाकांची. इथे ते चौकोन रांगांच्या मधोमध होते, हे मला फार आवडलं. एरवी आमची सोय म्हणजे एक तर अगदी पुढे, मान वर करकरून दुखेपर्यंत, नाहीतर शेवटच्या भिंतीपाशी अग्निशामक नळकांड्याच्या सोबतीला. या वेळी मी मैत्रिणीच्या शेजारी बसून तिच्या कानात कुजबुजले. आमच्या दोघींच्या बाबतीत कुजबुजणं ही जरा मोठ्याने करायची गोष्ट आहे, ते सोडा.

तिच्यासाठी सभागृहात इंडक्शन लूप होता. बाहेरून काही दिसत नाही. सभागृहाच्या कडेने तारेचा वेढा असतो आणि माइकमधला आवाज त्यातून थेट श्रवणयंत्रातल्या टेलिकॉइलपर्यंत, म्हणजे तो पकडणाऱ्या छोट्या वेटोळ्यापर्यंत जातो. मधला खोकला, खुर्च्यांची खरखर, सगळं गायब. पहिलं सत्र ऐकून ती अक्षरशः खुलली. दुसऱ्या सत्राला एक पाहुणे उठले, माइक बाजूला सारला आणि हसत म्हणाले, “मला याची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे.” लोक हसले. हिच्या कानात मात्र एकदम शांतता. माइक बोलणाऱ्यासाठी नसतो हो, ऐकणाऱ्यासाठी असतो! सूत्रसंचालकाने तो पुन्हा त्यांच्या हातात द्यायला हवा होता; दिला नाही. पडद्यावर मजकूर उमटत होता, पण तो यंत्राने उतरवलेला. साधी वाक्यं बरोबर आणि पात्रांची नावं सगळी चुकलेली. जिथे अख्खी चर्चा नावांवरच चालते, तिथे हे म्हणजे भातातून तांदूळ वगळण्यासारखं. नावांची यादी आदल्या दिवशी देऊन माणूस बसवा, निम्मं काम तिथेच होईल.

भाच्याचा दिवस माझ्यापेक्षा चांगला गेला. बिल्ल्यांचे तीन रंग होते: हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे ओळखीचे असाल तरच, लाल म्हणजे आत्ता नको. ऑटिस्टिक लोकांच्या मेळाव्यांतून आलेली ही पद्धत आहे. इथे रंगाबरोबर आकारही वेगळे केले होते, म्हणजे रंग ओळखता न येणाऱ्यांचीही अडचण नाही. त्याने सकाळी लाल लावला, दुपारी स्वतःहून हिरवा केला आणि एका अनोळखी माणसाला यानाच्या इंजिनाबद्दल वीस मिनिटं पकडून ठेवलं. त्या माणसाचा बिल्ला पिवळा होता, हे आम्हाला नंतर दिसलं. शांत खोलीही होती: मंद दिवे, गाद्या, बोलायला बंदी. फक्त ती गेमिंगच्या दालनाला भिंत लावून होती, त्यामुळे गादीतून धडधड जाणवायची.

स्वच्छतागृहाबद्दल फार लिहीत नाही. आमच्यासाठीचं जे एकच होतं त्यात टी-शर्टांची खोकी रचली होती. सांगितल्यावर हलवली, दुसऱ्या दिवशी परत तिथेच.

गर्दीत वागावं कसं, याचे फलक जागोजागी. ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ ही सूचना न्यूयॉर्क कॉमिक कॉन या मोठ्या फॅन मेळाव्याने 2014 साली ठळकपणे लावली आणि पुढे ती बऱ्याच ठिकाणी दिसू लागली. इथेही होती, आणि माझ्या पंखांना कुणी न विचारता हात लावला नाही. पण एका भल्या गृहस्थांनी मागून हँडल धरून मला थेट ढकलायलाच सुरुवात केली. एक पंख खांबाला घासला, कड फाटली. “मदत करत होतो,” म्हणाले. त्यांच्या लेखी पोशाख माझा होता, खुर्ची सामान होतं. फलकावर एक ओळ वाढवा: चाकांना, काठीला, कुबडीला हात लावण्याआधी विचारा.

आणि आता मंच, जिथे तो दीड तारा कापला.

वेशभूषा स्पर्धेत मी कारागिरीच्या गटात नाव दिलं होतं. अर्जात व्हीलचेअर लिहिलं होतं. मंच दोन फूट उंच, एका बाजूला चार पायऱ्या, रॅम्प नाही. सगळी सोंगं आणता येतात, पायऱ्या चढायचं तेवढं येत नाही. स्वयंसेवक मुलगा कळवळून म्हणाला, “ताई, आम्ही चौघं उचलतो ना!” मी नको म्हटलं. खुर्ची, मी आणि फोमचे पंख एवढं चार अनोळखी लोकांनी हवेत धरायचं, यात माझी मान जाईल किंवा सात आठवडे तरी. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा रॅम्पचा साधा हिशेब आहे, म्हणजे या मंचाला चोवीस फूट हवेत. ते आयत्या वेळी कुठून येणार? तो नकाशा काढतानाच काढावा लागतो. नकाशा काढणाऱ्यांनी मला प्रेक्षकांत नीट पाहिलं होतं, निळा चौकोन आखून. मी मंचावरही असेन, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी खाली जमिनीवर फेरी मारली. दिवे मंचावर, कॅमेरा मंचावर. तिसऱ्या रांगेपलीकडे मी कुणालाच दिसले नाही. परीक्षक खाली उतरले, एलईडीची वायरिंग कौतुकाने पाहिली. मग निकालात मला ‘विशेष प्रेरणा पुरस्कार’ मिळाला. असा गट अर्जात नव्हताच. सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं आणि मला विचारायचं होतं की शिवण कशी वाटली, रंगाचे थर दिसले का, कारागिरीत किती गुण दिले.

हे सगळं आयोजकांना लिहून पाठवलं. उत्तर सहा दिवसांनी आलं, बचाव न करता. पुढच्या वेळी मंच आठ इंचांवर आणताहेत, म्हणजे आठ फुटांच्या रॅम्पमध्ये भागेल. रॅम्पची रुंदी किती ठेवू, असं विचारलं होतं. पंखांशिवाय 36 इंच, पंखांसकट 48. दोन्ही आकडे कळवलेत.