'असॉर्टेड आफ्रिकन' सिक्लिड: स्वस्तात नक्की काय पदरात पडतं?

दुकानात एका टाकीवर नुसतं 'आफ्रिकन असॉर्टेड' लिहिलेलं असतं आणि आत सिक्लिड या शोभेच्या माशांची दीड-दोन इंचांची पिवळी, निळी, केशरी पिल्लं एकत्र फिरत असतात. नावासकट विकल्या जाणाऱ्या पिल्लांपेक्षा ती बरीच स्वस्त. नुसत्या रंगासाठी माल वाईट नाही. पण यातलं एक चार इंचांवर थांबतं, तर शेजारचं दहा इंचांचं होतं. जिराफासारखे डाग असलेला व्हीनस्टस असाच घोळक्यात येतो आणि मोठा झाला की लहान मासे गिळतो.

बहुतेक पिल्लं आफ्रिकेतल्या मलावी तलावातल्या जातींची किंवा त्यांच्या संकराची असतात. ओळखायला रंग सोडून बाकी सगळं बघा. खालच्या जबड्यावर बारीक खड्ड्यांची रांग दिसली तर तो पीकॉक गटातला. तोंड किंचित खाली वळलेलं आणि सारखं दगड खरवडणं चालू, तर म्बुना, म्हणजे खडकांवरचं शेवाळ खाणाऱ्या गटातला. येलो लॅब या पिवळ्या म्बुनाच्या पाठीवरच्या परावर (पंखावर) काळी पट्टी हवी. पिवळ्यात केशरी झाक आणि अंगावर पुसट उभे पट्टे दिसले तर बहुधा रेड झेब्रा या केशरी म्बुनाशी संकर झालेला आहे. ओबी (अंगावर काळे डाग असलेला) पीकॉक तर माणसानेच तयार केलेला, तलावात तो सापडणारच नाही.

ऑरॅटस हा म्बुना मात्र आधी बाजूला काढा. सोनेरी अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या, त्यामुळे पिल्लांत सगळ्यात देखणा तोच. वाढत्या नराचं अंग काळपट होतं, पट्टे फिकट पडतात, आणि मग चार फुटी टाकीही त्याला एकट्याला पुरत नाही. दोन इंचांचा झळाळता निळा पीकॉकही संशयास्पद. त्या वयात पिल्लं करडी असतात. हार्मोनच्या खाद्याने चढवलेला रंग काही महिन्यांत उतरतो. खात्रीने नाव द्यायचं तर तीन इंच होईपर्यंत थांबा आणि सगळे पर उघडे असताना बाजूने फोटो काढा. एकट्या मादीवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पाणी ७.८ ते ८.६ पीएच, तापमान २४ ते २७ अंश. नळाचं पाणी मऊ असेल तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कोरलचा चुरा. म्बुनांना स्पिरुलिनाचं (शेवाळाचं) खाद्य द्या. ब्लडवर्मची (लाल अळ्यांची) चैन केली की पोट फुगून मरतात.

नको असलेला मासा दुसऱ्याला देताना आधी सगळे दगड बाहेर काढा, नाहीतर जाळी घेऊन तासभर नुसती धावपळ. एक दिवस उपाशी ठेवून दुहेरी पिशवीत एकेकटा भरा: एक भाग पाणी, दोन भाग हवा. पाठीचे काटे एकेरी पिशवी सहज फोडतात. लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो; पिशवी उघडताच तो चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, मग मासा जाळीने काढून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी फेका. घेणाऱ्याने त्याच वेळी दगडांची जागा बदलून दिवे बंद ठेवले तर जुन्या माशांच्या हद्दी मोडतात आणि पहिल्या रात्रीची मारामारी कमी होते.

तळ्यात, विहिरीत सोडणं हा पर्याय नाहीच. उजनीत जाळ्यात येणारी चिलापीही आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिकची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि पसरली ती पसरलीच.

चार फुटांपेक्षा लहान टाकीसाठी हा माल घेऊ नये. मोठी टाकी असेल तर घ्या, पण वाढलेले मासे परत घेणाऱ्या किंवा बदलून देणाऱ्या दुकानातूनच, आणि हे पैसे देण्याआधी विचारा. पुढे देताना जात पक्की नसेल तर 'संकर, पैदाशीसाठी नाही' असं पिशवीवर लिहा.