साडेनऊ हजारांचं यंत्र आणि साठ रुपयांचा पट्टा

काल रात्री पावणेअकराला माझ्या विजेवरच्या चरख्याचा पट्टा परत निसटला. थ्री-फेज लाईट नुकतीच आली होती, मालक, म्हणजे माझा नवरा, हरभऱ्याला पाणी लावायला गेले होते आणि मी आखाड्यावर, म्हणजे आमच्या रानातल्या निवाऱ्यात, पत्र्याखाली बसून त्या पट्ट्याला तोंडाला येईल ते बोलत होते. तेव्हाच ठरवलं की तीन आठवड्यांपूर्वी अर्धवट ठेवलेलं हे लिखाण आता पुरं करायचंच. जानेवारी २०२५ मध्ये घेतला हा विजेवरचा चरखा, आता नोव्हेंबर लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना पट्ट्याचं नाव काढल्याबरोबर कळेल.

फ्लायर (सुताला पीळ देत फिरणारा भाग), बॉबिन (सूत गुंडाळलं जातं ती रीळ), पायाचं बटण, उलटं-सुलटं फिरणं हे सगळं अशा चरख्यांच्या व्हिडिओत दिसतं, ते पुन्हा सांगत नाही. फक्त एक लक्षात घ्या. त्या व्हिडिओत ज्या बाई बसतात त्यांच्या मांडीवर पांढरेशुभ्र, रेशमासारखे मऊ तयार पेळू, म्हणजे कातायला पिंजून ठेवलेल्या लोकरीच्या वाती, असतात. माझ्याकडे काळी, राठ दख्खनी लोकर असते आणि त्यात गोखरू, लेंड्या अन् आख्ख्या जिंतूर तालुक्याची माती.

आमचं रान पाच एकर. दोन कापूस, दोन सोयाबीनमध्ये तूर, एकात हरभरा. एक म्हैस आणि नऊ मेंढ्या. नऊ मेंढ्यांची लोकर काही पुरत नाही, पण उन्हाळ्यात रानात धनगरांचे कळप बसवतो तेव्हा बाकीची मिळते. वर्षातून दोनदा कातरतात, आणि कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही म्हणून बरेचजण ती तशीच बांधावर टाकून जातात. पहिल्या वर्षी मी उचलायला लागले तर मेंढकेदादा हसले होते. आता जावळ, म्हणजे कोकरांची पहिली लव, वेगळी बांधून ठेवतात आणि तिचा भाव करतात. चूक माझीच, मीच एकदा त्यांच्यासमोर "किती मऊ आहे हो" म्हणाले.

आधी मी धनगरवाड्यातून आणलेल्या मोठ्या चाकाच्या चरख्यावर कातायचे. एका आसनाला साडेतीनशे ग्रॅम दुपदरी सूत लागतं, त्याला माझ्या चार-पाच संध्याकाळी जायच्या. यंत्रावर पाच तासांत होतं. पहिले दोन महिने मी शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. माझी चुलतसासू, तिला आम्ही काकूच म्हणतो, येऊन बघून गेली आणि म्हणाली, "काय करायलीस माय, हे तर घरघर करून सगळं तोंडात ओढून घ्यायलंय." ते खरंच. ओढ फार जोरात ठेवली की सूत हातातून हिसकून नेतं. माझ्या राठ लोकरीसाठी मी ओढ कमी-जास्त करणारी ब्रेकची दोरी जवळजवळ सैल सोडते आणि वेगाचं बटण निम्म्याच्या पुढे नेत नाही. पीळ बेताचा हवा. मी सुरुवातीला हौसेनं भरपूर पीळ दिला, तर त्याचं आसन काथ्याच्या पायपुसण्यासारखं झालं. ते आता खरोखरच पायपुसणं आहे.

लाईट नसण्याचं म्हणाल तर ती अडचण माझी मीच सोडवली, आणि हे कंपनीच्या पुस्तकात कुठंही नाही. अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं आहे. आमच्या फवारणीच्या पंपाची बॅटरीही १२ व्होल्टची, ८ अँपिअर-अवरची. जिंतूरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून योग्य पिन लावून वायर करून घेतली, चाळीस रुपये. एका चार्जिंगमध्ये चार तास आरामात चालतं. प्लस-मायनस उलटं लागलं तर यंत्र जळेल, तेवढं त्यालाच तपासायला लावा. आता घरात भांडण होतं ते बॅटरीचं. तुरीवर शेंगअळी आली की मालकांना फवारायला पंप पाहिजे आणि नेमकं त्याच दिवसांत मला थंडीच्या कानटोप्या काढायच्या असतात.

आता पट्ट्याचं. मोटारीच्या छोट्या पुलीवरून फ्लायरच्या मोठ्या पुलीवर जाणारा गोल, पारदर्शक, ताणला की लांबणारा पट्टा. जाडी तीन मिलिमीटर. बघितलं तर शाळेतल्या पोरीच्या केसाच्या रबरापेक्षा त्यात जास्त काही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला, हनुमान जयंतीच्या सप्ताहात पारायणाला बसणाऱ्यांसाठी सात आसनांची ऑर्डर हातात होती. पत्र्याखाली दुपारी अंग भाजत होतं. तिसऱ्या आसनाला पट्टा सैल पडला. मोटार फिरते, फ्लायर थांबतो, सूत हातात भुसभुशीत होऊन तुटतं. यंत्रासोबत एक जास्तीचा पट्टा दिला होता, तोही चार दिवसांत तसाच.

कंपनीला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ पाठवा." व्हिडिओ पाठवला. मग म्हणाले, पट्टा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. मग म्हणाले, तुम्ही न धुतलेली लोकर वापरता का? मी म्हटलं, धुतलेली आहे. तर म्हणाले, आमच्याकडची तयार लोकर वापरून बघा. ती किलोला किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. माझ्या दोन आसनांचे पैसे तिथंच गेले असते.

नवा पट्टा साठ रुपयांचा. त्यावर कुरिअरचे एकशे दहा. कुरिअरवाला गावात येत नाही, जिंतूरहून घेऊन जा म्हणतो. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, तरी जाऊन-येऊन पन्नास रुपये आणि कापसाच्या रानाचा अर्धा दिवस. म्हणजे साठ रुपयांचं रबर मला दोनशे वीसला पडलं, माझा रोज न धरता. हे मी तीनदा केलंय. रागाच्या भरात तेव्हाच लिहिलं असतं तर यंत्राला एकच चांदणी (स्टार) दिली असती.

एप्रिलच्या त्या ऑर्डरच्या वेळी मदतीला आली काकू. तिचं माहेर उदगीरकडचं, लग्नाआधी तिनं खादीच्या केंद्रात अंबर चरखा चालवलेला. ती म्हणाली, "रबर कशाला पाहिजे, माळ कर की." चरख्याच्या चाकावरून चातीवर, म्हणजे सूत कातायच्या टोकदार सळईवर, जाते ती दोरी म्हणजे माळ. तिनं माझ्याकडून साधा पांढरा सुती दोरा मागितला. त्याचे बारा पदर एकत्र घेऊन एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं तळहातांत धरून पीळ भरत गेली. दोर आपोआप कुरळा व्हायला लागला तेव्हा मधोमध धरून दुमडला, तो स्वतःच एकमेकांत गुंडाळला गेला. मी गाठ मारायला हात पुढे केला तर तिनं हातावर चापट मारली. गाठ पुलीवरून गेली की दर फेऱ्याला टक करते आणि सुताला झटका बसतो. तिनं दोन्ही टोकं बोटभर एकमेकांवर ठेवून सुईनं बारीक शिवली. मग वाटीत मधमाशीचं मेण आणि राळ वितळवून त्यातून कापडाच्या बोळ्यानं माळेवर हात फिरवला. राळेमुळे पकड येते, नुसतं मेण लावलं तर घसरते. बसवली, आणि सातवं आसन सप्ताहाच्या आदल्या रात्री पुरं झालं. खर्च आठ-दहा रुपये.

काल रात्रीचं सोडलं तर इथवर मी हे तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि पुढं "कंपनीपेक्षा काकू बरी" असं लिहून संपवणार होते. पण मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे पावसाळ्यात माळेनंही दगा दिला होता, ते लिहायचं मी सोयीस्करपणे टाळलं होतं. सुती दोर ओला झाला की आखडतो. जुलैत हवा दमट झाली तशी माळ इतकी ताठ झाली की मोटार घुं-घुं करायला लागली आणि हात लावला तर चटका. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं, तूर चढावर होती म्हणून वाचली, आणि आखाड्यावर तर सगळंच ओलं. तेव्हा रबराचाच पट्टा बरा चालला.

दुसरं, दिवाळीत भाचा आला होता, त्यानं यंत्र उघडलं. फ्लायरची दांडी ज्या पितळी बुशातून फिरते तिथं लोकरीची लव आणि मेंढीचा चिकटपणा बसून काळं मेणचट लोणी झालेलं. दांडी हातानंसुद्धा जड फिरत होती. पुस्तकाच्या सहाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, रोज एक थेंब तेल, आठवड्याला पुसणे. नऊ महिन्यांत मी एकदाही केलं नव्हतं. म्हणजे पट्टा नुसता उन्हानं सैल होत नव्हता, जड दांडी ओढून ओढून ताणला जात होता. लोकरीबद्दल विचारणारा तो फोनवरचा माणूस एका अर्थानं बरोबर होता, पण तेल घालता का हे त्यानं विचारलं असतं तर दोघांचा ताप वाचला असता. म्हणून एक चांदणी परत देते. दुसरी देत नाही. साफ केल्यावर पंधरा दिवस सुरळीत चाललं, आणि काल रात्री परत निसटला. पुलीची खाचच उथळ आहे असा आता मला संशय आहे.

आता ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी हिशेब. कातायचा वेळ निम्म्याहून कमी झाला हे खरं, पण कताई हे कामाचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात मजेचं अंग आहे. गोखरू वेचणं, धुणं, पिंजणं यांना यंत्र नाही. एक किलो लोकरीला रिठ्याच्या पाण्याच्या चार बादल्या जातात, आणि उन्हाळ्यात चार बादल्या म्हणजे काय ते मराठवाड्यात सांगायला नको. ते पाणी मी लिंबाच्या झाडाला घालते, झाड खूश आहे. गरम पाण्यात चोळायची चूक करू नका, लोकर गच्च चिकटून नमदा होतो. धुऊन वाळल्यावर किलोची साडेसहाशे ग्रॅम उरते. पिंजायला मी कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश आणले, खास लोकरीच्या ब्रशाच्या पाव किमतीत.

सगळं धरून एका आसनाला वीस तास लागतात, विकतं सहाशेला. आमच्याकडे खुरपणीचा रोज तीनशे आहे. म्हणजे दुसऱ्याच्या रानात गेलेलं बरं, असं मालक दर महिन्याला एकदा म्हणतात. फरक एवढाच की हे वीस तास लाईटची वाट बघतानाचे, म्हैस व्यायला आली म्हणून जागतानाचे, पावसानं रानात पाय ठेवता येत नाही तेव्हाचे आहेत. त्या तासांना कुणी रोज देत नाही.

विकायचं म्हणाल तर आसनं जातात. लोकर सोवळ्याला चालते, पारायणवाल्यांना पटवून द्यावं लागत नाही. कानटोप्यांचं अवघड आहे. बाजारात बायका म्हणतात, "ताई, लोकरीचा गोळा तर तीस रुपयाला येतोय, तुमचं काय साडेतीनशे?" त्यांची लोकर म्हणजे ॲक्रेलिक, रुखवताच्या तोरणांची. मी दोन्हीचे धागे जवळ ठेवते आणि काडी ओढून दाखवते. ॲक्रेलिक वितळून कडक मणी होतो, खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. वासानं गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, पण दहातली एक घेते. आणि टोचते म्हणून परत आणणारीही असते, तिला आता मी आधीच सांगते की आतून सुती कापड लावून देते, वीस रुपये जास्त.

एवढं सगळं असून यंत्र विकणार का? नाही. चार्ज केलेली बॅटरी उद्या फवारणीला जाणार आहे, तोवर लाईटवर चालवीन. फक्त परभणीत किंवा नांदेडला तीन मिलिमीटरची ही गोल पारदर्शक दोरी कुणाकडे मीटरवर मिळत असेल तर सांगा. टोकं तापवून जोडायला भाचा शिकवून गेलाय. पाच मीटर घेईन, पण भाव आधी सांगा.