खोल मूळ की पाण्याची काटकसर? पाण्याच्या ताणात कडधान्याचा वाण निवडताना

ताणात हिरवा राहणारा वाण ताणात दाणे भरेलच असे नाही. वाण निवडणाऱ्याची किंवा नव्या वाणासाठी जनक ठरवणाऱ्याची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन पॅसिउरा यांनी १९७७ मध्ये मांडलेले सूत्र मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: दाण्याचे उत्पादन म्हणजे पिकाने पानांवाटे वापरलेले पाणी, गुणिले त्या पाण्याच्या दर एककामागे तयार झालेले शुष्क (वाळवलेल्या झाडाचे) वजन, गुणिले त्यातला दाण्यांचा वाटा. कोणी एखाद्या गुणाचे कौतुक केले, की तो या तिघांपैकी कशावर काम करतो ते आधी विचारावे.

खोल, दाट मूळ पहिल्यावर काम करते. हरभऱ्यात आयसीसी ४९५८ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. त्याच्या चौथ्या गुणसूत्रावरचा, ताण सोसण्याच्या अनेक गुणांशी जोडलेला ‘क्यूटीएल-हॉटस्पॉट’ नावाचा भाग पुसा ३७२ मध्ये उतरवून पुसा चना १०२१६ हा वाण तयार झाला. मात्र खाली ओल असेल तरच खोल मुळाचा उपयोग. भारी, खोल जमिनीत पेरणीच्या वेळी ओल पुरेशी मुरलेली असेल, तर शेवटच्या टप्प्यात हे मूळ पीक तारून नेते. हातभर मातीखाली कातळ असेल तर मूळ वाढवण्यात गेलेले अन्न वाया जाते. शिवाय शेकडो झाडांची मुळे उकरून मोजणे फार कष्टाचे असते.

काटकसरी झाडाची रीत वेगळी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरभऱ्याच्या अभ्यासात शेवटच्या टप्प्यातला ताण सोसणाऱ्या वाणांची मुळे इतरांपेक्षा खोल किंवा दाट असतीलच असे दिसले नाही. त्यांनी वाढीच्या काळात पाणी जपून वापरले आणि फुलोऱ्यानंतर जास्त घेतले. घाटे भरताना मिळालेले थोडेसे पाणीही मोठा फरक पाडते, म्हणून हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. सोयाबीनमधला पीआय ४१६९३७ हा उशिरा कोमेजणारा वाणही असाच: हवा फार कोरडी झाली, म्हणजे बाष्पदाबातील तूट सुमारे २ किलोपास्कलच्या पुढे गेली, की त्याचे बाष्पोत्सर्जन (पानांतून बाहेर पडणारे बाष्प) आणखी वाढत नाही. याची किंमतही आहे. पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) आवरली की कार्बन डायऑक्साइडही कमी आत येतो, त्यामुळे भरपूर पावसाच्या वर्षी असा वाण मागे पडू शकतो.

ताण कधी येतो, यावर या दोघांतली निवड ठरते. पेरणीनंतर पाऊसच नाही आणि साठलेल्या ओलीवरच पीक काढायचे आहे, तर काटकसरीला माझी पहिली पसंती. मधे खंड पडून पुन्हा पाऊस येत असेल, तर वाचवलेले पाणी तसेही भरून निघाले असते. तिथे लवकर जमीन झाकणारे जोमदार झाड बरे. जोम आणि काटकसर हे दोन्ही गुण एकाच वाणात आणण्याची वाटही बंद नाही. आयसीसी ४९५८ आणि आयसीसी १८८२ यांच्या संकरातून आलेल्या संततीच्या अभ्यासात झाडाचा जोम त्या हॉटस्पॉटशीच जोडलेला आढळला, तर पाणी वाचवण्याचे गुण जनुकसंचात इतरत्र.

हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, वाणांबद्दल थोडक्यात: आयसीसीव्ही २ सारखा हरभरा ताण येण्याआधीच निघून जातो. खात्रीचा मार्ग आहे, पण चांगल्या वर्षी त्याचे उत्पादन गरव्या वाणाएवढे चढत नाही.

सूत्रातले तिसरे पद, दाण्यांचा वाटा, मी सर्वांत वर ठेवेन. ताणात खोड-पानांतले अन्न शेंगेत आणि टरफलातले दाण्यात उतरवण्याची ताकद वाणागणिक फार वेगळी असते. राजम्याच्या पैदाशीत त्यासाठी शेंगांच्या एकूण वजनातला दाण्यांचा हिस्सा काढतात. हे मोजायला साधा तराजू पुरतो, आणि वाण खोल मुळाचा असो वा काटकसरी, ही कसोटी दोघांनाही लागते.

शेंगवर्गीय पिकांत आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी: मुळांवरच्या गाठी. सोयाबीनमध्ये जमीन सुकू लागली की प्रकाशसंश्लेषण मंदावण्याआधीच नत्र स्थिरीकरण, म्हणजे गाठींतून हवेतले नत्र पिकाला मिळणे, घटते. जॅक्सन नावाच्या वाणात ते तुलनेने टिकून राहते. म्हणून चाचणीत वरून भरपूर नत्रखत देऊन वाण पारखू नयेत. गाठींचा कमकुवतपणा त्यात झाकला जातो आणि तो नंतर शेतात उघडा पडतो.