सेकंडहँड 15 हॉर्सपॉवरची बोटमोटर: इंजिनाबद्दल तक्रार नाही, पेट्रोल चढवणाऱ्या बल्बाबद्दल बोलू

मागच्या पावसाळ्यानंतर ही मोटर आम्ही कोकणातून जुनी म्हणून आणली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोरीने चालू होणारी, टाकी वेगळी. बाकी माहिती सगळ्यांना पाठ आहे, ती उगाळत नाही. मेव्हण्याचा अंभोऱ्याला मासेमारीचा धंदा आहे. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये त्याच्या फायबरच्या डोंग्याला ती लागते आणि काम नसलं की नागपुरात माझ्या अंगणात पाण्याच्या ड्रमवर टांगलेली असते. ओढायला दणकट. गरम असली की दोरीला हात लावायचा अवकाश, सुरू. पेट्रोल पिते, पण टू-स्ट्रोककडून वेगळी अपेक्षा नव्हतीच.

थंडी सुरू झाली आणि सकाळी चालू होणंच बंद झालं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. जिथून घेतली तिथे फोन केला तर उत्तर तयार: "कार्बोरेटर काढून कुरियर करा, पूर्ण किट टाकावं लागेल." स्पार्क प्लग ओला निघतोय की कोरडा, एवढंसुद्धा विचारलं नाही! मी काढून पाहिला होता, ठणठणीत कोरडा. म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हतं. ते कार्बोरेटरपर्यंत तरी येतंय का हे न बघताच किट का घ्यायचं? यावर त्यांचं म्हणणं, "साहेब, जुन्या मोटरला असंच असतं." फोन ठेवून दिला.

आता तो बल्ब. टाकी आणि मोटर यांच्यामधल्या नळीवरचा काळा रबरी फुगा, ज्याकडे कोणी बघत नाही. मोटरचा स्वतःचा पेट्रोलपंप पडद्याचा असतो आणि तो क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनमागच्या बंद पेटीतल्या, दाबाच्या धक्क्यांवर चालतो. हाताने दोरी ओढताना इंजिन इतकं हळू फिरतं की धक्के लुळे पडतात, डोंग्याच्या तळातल्या टाकीतून पेट्रोल वर चढत नाही. ते चढवायचं काम या फुग्याचं. त्याच्या दोन्ही टोकांना पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते. आमच्या बल्बाची झडप गळत होती, म्हणून रात्रभरात नळीतलं पेट्रोल परत टाकीत उतरायचं. दाबून टणक केला तरी चहा होईपर्यंत पुन्हा मऊ, आणि बाहेर कुठे थेंबभर गळती नाही.

मोटारपार्टच्या दुकानातून 250 रुपयांचा बल्ब आणला. काही आठवड्यांत तो फुगून चिकट झाला. पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल साध्या रबराला खातं. मग मन घट्ट करून बोटीसाठीचाच मागवला. किंमत सांगत नाही, घरी अजून कळलेली नाही.

दाबण्याचीही रीत आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी उघडा, नाहीतर बल्ब चपटा होऊन बसतो. बल्ब उभा धरा, बाण वर, मोटरकडे. दाबा, पूर्ण फुगू द्या, मग पुन्हा. टणक झाला की थांबा. पुढे चोक पूर्ण, थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर, दोरी आधी हळू ओढून अडली की मग झटका. एकदा खोकली की चोक अर्धा. प्लग ओलाचिंब निघाला तर उलटं करा: चोक अजिबात नको, थ्रॉटल जास्त, बल्बाला हात लावू नका.

इथपर्यंत डिसेंबरात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी बल्ब बदला, विषय संपला असं म्हणणार होतो. पण जानेवारीत पारा 10च्या खाली गेला आणि नवं नाटक सुरू झालं: मोटर चालू व्हायची, थोडं धडधडून मरायची. डोंग्यावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, बल्ब दाबत राहा ना, मंग नाही बंद पडत." खरंच नाही पडली. हाताने दाबलं तर चालते म्हणजे एकतर पंपाचा पडदा गेला, नाहीतर नळी कुठेतरी हवा ओढतेय.

मोटरच्या झाकणाखाली पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. (आजूबाजूला बिडी कोणी पेटवत नाही ना बघा.) इंजिन चालू झालं की मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक सरकताना दिसायचे. तोच तुकडा मोटरच्या कनेक्टरच्या (नळी मोटरला जिथे जोडतात तो सांधा) अलीकडे, टाकीच्या बाजूला लावला, तर पेट्रोल स्वच्छ. चोर मधल्या कनेक्टरमध्ये होता: आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. बल्ब टणक असताना आतून दाब असतो म्हणून हवा शिरत नाही. इंजिन ओढायला लागलं की शिरते. रिंग मापाची, पेट्रोलला टिकणारी घेतली, चहा-समोशाच्या पैशात. कार्बोरेटरचा एक स्क्रूसुद्धा उघडला नाही.

तेव्हा महागड्या बल्बाबद्दल माझा राग थोडा निवळलाय, कारण कनेक्टरची रिंग आधी तपासली असती तरी झडप बदलावी लागलीच असती, हे खरं. एक भांडण मात्र अजून सुटलेलं नाही. मेव्हणा म्हणतो, संध्याकाळी नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे ई-20 आणि ऑइलचं मिश्रण कार्बोरेटरमध्ये पडून राहत नाही. बरोबर आहे, पण मग सकाळी सगळी वाट पुन्हा बल्बानेच भरायची. मी उद्या सकाळी काम असेल तर रिकामी करत नाही, आठवडाभर पडून राहणार असेल तरच करतो. बल्ब दाबायला मीच असतो, मेव्हणा नसतो.